वैशाली पाटीलची दोन अपेंडिक्स

"महाजनसाहेब, तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने या बाईचं अपेंडिक्स दोनदा काढलंय," डॉ. अन्सारी माझ्या केबिनच्या दारातूनच म्हणाल्या. "आणि दोन्ही वेळा ऑपरेशन यशस्वी झालं, असंही लिहिलंय. मुबारक हो."

डॉ. अन्सारी आमच्या भूलतज्ज्ञ. ऑपरेशनआधी पेशंटला भूल देणं आणि ऑपरेशनभर त्याचा श्वास सांभाळणं हे त्यांचं काम. त्या थिएटर सोडून आयटीच्या केबिनमध्ये आल्या, म्हणजे प्रिंटर बिघडल्याची तक्रार नव्हती.

मी त्या हॉस्पिटलचा चीफ इन्फर्मेशन ऑफिसर होतो. हुद्दा ऐकून लोक सावरून बसत. प्रत्यक्षात विभागात मी, एक इंजिनिअर आणि एक एसी, एवढेच होतो. एसी सर्व्हरसाठी होता. आम्ही दोघं त्याच्या कृपेवर गार राहायचो.

ती आमची इंटिग्रेशनची वर्षं. बुऱ्हाणपूरच्या मुख्य हॉस्पिटलात एक सॉफ्टवेअर, नेपानगरच्या शाखेत दुसरं. दोघांची बोलचाल नव्हती. नेपानगरात दहा वर्षं औषध घेणारा माणूस बुऱ्हाणपुरात आला की आमच्या लेखी तो आजच जन्मलेला असे. म्हणून सगळी माहिती एका जागी आणायची आणि एका माणसाला एकच नंबर द्यायचा, असं ठरलं. उद्घाटनाला अध्यक्षांनी सर्व्हरला झेंडूचा हार घातला. भाषणात डिजिटल क्रांती चार वेळा झाली. मग पाकळ्या पंख्यात गेल्या आणि क्रांती दुपारपर्यंत बंद राहिली.

आता त्या बाईविषयी. सकाळी ती जसोंडीहून आईबरोबर आली होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. मूल पायाळू, कळा सुरू झालेल्या, सिझेरियन करायचं ठरलेलं. डॉ. अन्सारींनी नेहमीचा प्रश्न विचारला, याआधी कधी भूल घेतली होती का? बाई म्हणाली, हो, नेपानगरला. अपेंडिक्सचं ऑपरेशन. तेव्हा एका इंजेक्शनाने फार त्रास झाला होता. श्वास येत नव्हता, असं नंतर नवऱ्याने सांगितलं.

"कोणतं इंजेक्शन?"

हे तिला ठाऊक नव्हतं. आईला विचारलं.

"मले काय मालूम बाई? लग्नानंतरचं सारं सासरवाल्याइले मालूम," आई म्हणाली.

सासरवाल्यांना फोन लावला. नवरा नेपानगरातच होता. "फाइल होती मॅडम," तो म्हणाला, "पण दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली." देशभरासाठी कागद बनवणाऱ्या गावात एक कागद जपून ठेवलेला सापडेना.

राहिला आमचा कॉम्प्युटर. आईने सकाळी नोंदणी केली ती ज्योती नावाने. त्या नावाची नोंद सापडली नाही. तेव्हा नोंदणीच्या खिडकीवरच्या शोभाताईंनी विचारलं, "सासरचं नाव काय ठेवलं गं तुझं?" ज्योती सासरी वैशाली झाली होती. वैशाली सुनील पाटील, नेपानगर. बटण दाबताच नोंद आली. एकच नोंद, एकच नंबर, क्रांती अगदी यशस्वी. फक्त अपेंडिक्स दोन निघाली.

"औषधांचे इशारेही दोन आहेत," डॉ. अन्सारी म्हणाल्या. "एक अँटिबायोटिकबद्दल. दुसरा, भूल देताना स्नायू सैल करायचं इंजेक्शन असतं, त्याबद्दल."

"दोन्ही टाळली तर?"

"टाळीन की. पण फाइल एक आणि पोटं दोन असतील, तर तिसरी कुणी शिरली नाही हे कोण सांगणार? मिसळलेल्या फाइलच्या एकाही पानावर माझा भरोसा नाही. मी कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर करणार आहे. पण ऐन वेळी पूर्ण भूल द्यावी लागली, तर मला नक्की माहीत पाहिजे. अर्धा तास आहे तुमच्याकडे."

त्या गेल्या. मी खुर्चीत बसून राहिलो, कारण काय झालं असेल ते मला कळलं होतं. दोन नोंदींमध्ये नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव एक असेल, वयात फार फरक नसेल, तर तो एकच माणूस समजून नोंदी जोडायच्या, असा नियम आम्ही सॉफ्टवेअरला दिला होता. नियम कंपनीने सुचवला. सही माझी होती. कंपनीचा माणूस बेंगळुरूचा. तापीच्या खोऱ्यात किती सुनील पाटील आहेत आणि त्यांतल्या किती जणांनी बायकोचं नाव हौसेने वैशाली ठेवलं, याची त्याला कल्पना नव्हती. मला होती. माझ्या स्वतःच्या दोन वहिन्या वैशाली आहेत.

तेवढ्यात शोभाताई आत आल्या. तीस वर्षं खिडकीवर काढलेल्या बाई. माझ्या हुद्द्याने त्या कधीच सावरून बसल्या नाहीत.

"साहेब, नेपानगरच्या बायांचं माहेर कुठं ठेवलं तुम्ही?"

"म्हणजे?"

"माहेर. आम्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहायचो ना. नेपानगरच्या पोरींना मीच शिकवलं होतं. बाईचं नाव लग्नात बदलतं, पत्ता बदलतो, फोन तर दर वेळी वेगळ्या दिराचा असतो. माहेर तेवढं बदलत नाही. आणि पहिलटकरीण येणार ती माहेराहूनच."

मला तो रकाना आठवला. 'माहेर शहापूर'. 'माहेर खकनार'. डेटा साफ करताना मी त्यावर शेरा मारला होता, वैद्यकीयदृष्ट्या निरुपयोगी मजकूर, वगळावा. स्वच्छ अक्षरात.

"काढला तो मी," मी म्हणालो.

शोभाताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "विचारायचं तरी होतं."

सुदैवाने नेपानगरचा जुना डेटा जसाच्या तसा एका कॉम्प्युटरवर वर्षभर ठेवायचा नियम होता. तो नियमही माझाच, म्हणून तो सांगून ठेवतो. कॉम्प्युटर स्टोअररूममध्ये होता, त्यावर सलाईनच्या बाटल्यांची खोकी. इंजिनिअरने खोकी उतरवली, मी वायर जोडली. मशीन सुरू व्हायला इतका वेळ घेत होतं, की शोभाताई म्हणाल्या, "याला पण भूल दिली होती का?"

सुरू झालं. वैशाली सुनील पाटील टाकलं. तीन बाया निघाल्या. एक माहेरची शहापूरची, तिला नुसत्या तापासाठी दाखल केलेलं. दुसरी असीरगडची, अपेंडिक्स, अँटिबायोटिकने अंगावर गांधी उठलेल्या. तिसरी, माहेर जसोंडी. तिचंही अपेंडिक्स. खाली नेपानगरच्या डॉक्टरांचा शेरा, स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनानंतर श्वास परत यायला फार वेळ लागला, पुढे हे औषध देऊ नये. औषधाचं नावही होतं.

मी प्रिंट घेऊन थिएटरकडे निघालो. चालतच निघालो होतो. माझ्या हुद्द्याच्या माणसाने पळू नये. शोभाताईंनी माझ्या हातातून कागद घेतला आणि त्या पळाल्या.

डॉ. अन्सारींनी कागद दोनदा वाचला. "आता बोललात," एवढंच म्हणाल्या आणि दार लागलं.

कमरेतल्या इंजेक्शनावर सगळं निभावलं. पूर्ण भुलीची वेळ आली नाही. जेवणाच्या सुट्टीआधी मुलगी झाली आणि तिचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत आला. श्वासाची काही अडचण नसल्याचं आम्हा आयटीवाल्यांनाही कळलं.

संध्याकाळी सुनीलराव नेपानगरहून आले. मावा जिलेबीचे दोन पुडे घेऊन. एक थिएटरला, एक आम्हाला. आयटी विभागाला पेशंटकडून जिलेबी येण्याचा तो पहिलाच प्रसंग. आमच्याकडे लोक येतात ते शिव्या घेऊन. जिलेबी गरम होती. मी तीन खाल्ल्या, मग शोभाताईंना बोलावलं. क्रम उलटा हवा होता, हे चौथीच्या वेळी लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यापासून आम्ही जोडलेल्या सगळ्या नोंदी पुन्हा वेगळ्या करायला घेतल्या. महिनाभर लागला. शोभाताई शेजारी बसून सांगत होत्या, ही वेगळी, ही वेगळी, ही तीच, हिने नवऱ्याचं नाव लाजून चुकीचं सांगितलंय. नव्या फॉर्ममध्ये माहेराचा रकाना घालायला मी कंपनीला फोन केला.

"सर, या फील्डचा क्लिनिकल उपयोग काय?" बेंगळुरूच्या माणसाने विचारलं.

"तुमच्या आईचं माहेर कुठलं?" मी विचारलं.

तो लगेच सांगू लागला. गाव, नदी, मामाचं घर, सगळं. मग थांबला. म्हणाला, "ओके सर, टाकतो."

टाकला. फक्त कामाच्या उत्साहात त्याने तो रकाना सक्तीचा केला, आणि सगळ्यांसाठी. दोन दिवस पुरुष पेशंटचीही नोंद माहेराशिवाय होईना. बहुतेकांनी मुकाट्याने आईचं माहेर सांगितलं. केळीचे एक बागायतदार मात्र खिडकीपाशी बराच वेळ विचार करून म्हणाले, "लिहा, बायकोचं. मी तिथंच राहतो."

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो. जुन्या डेटात निरुपयोगी दिसणारं काही सापडलं, तर पुसण्याआधी ते लिहिणाऱ्या माणसाला विचारावं. तो लांब नसतो. बहुधा खालच्या मजल्यावर खिडकीशी बसलेला असतो, आणि त्याला कुणी मीटिंगला बोलावलेलं नसतं.