पाइकच्या तळ्यातून आलेला आवाज

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नाही. भीमेच्या काठी भोयाच्या घरात जन्मले, चौथीपर्यंत शिकले. बुडून मेलेली माणसं काठावर दिसतात असं गावात सगळे सांगायचे. मी त्याच काठावर पहाटे जाळी सोडवत मोठी झाले. मला कधी कुणी दिसलं नाही. दिसले ते फुकट मासे मागायला आलेले पाटलाचे गडी.

गेली अकरा वर्षं मी मुलाकडे आहे, मिशिगनमध्ये, ट्रॉयला. दत्ता माझा एकुलता एक. मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होता. गेल्या उन्हाळ्यात त्याची नोकरी गेली. आधी अर्ज केले, इंटरव्ह्यू दिले. मग एक दिवस लॅपटॉप मिटला आणि बेसमेंटमध्ये जाऊन झोपला. खाली नेलेलं ताट तसंच वर यायचं. सून रूपाली कामावरून आली की दारातूनच विचारायची, "उठला का तो?" मी म्हणायचे, "नाही." आमचं दोघींचं बोलणं तेवढंच उरलं होतं.

त्याला उठवलं ते पाइकनं. पाइक म्हणजे इथला मासा — बदकाच्या चोचीसारखं तोंड, आत दातच दात. आपल्या मरळीसारखा गवतात दबा धरून बसतो आणि दुसऱ्या माशावर झडप घालतो. सप्टेंबरात एकदा दत्ता गॅरेजमध्ये मासे धरायचा जुना रॉड पुसत बसलेला दिसला. म्हणाला, "आई, जवळपास पाइकचं चांगलं तळं कुठे असेल गं?"

मला काय माहीत? पण महिन्याभरात त्यानं स्वतःहून विचारलेली ती पहिली गोष्ट. म्हटलं, शोधू.

मग आम्ही तळी हिंडायला लागलो. गाडीवर छोटी होडी बांधायची आणि निघायचं. एका तळ्यात मोटारबोटींचा धुमाकूळ. दुसऱ्यात बोटभर पिल्लं. तिसऱ्याच्या काठावर पाटी, खाजगी जागा आहे, आत येऊ नका.

"आई, या तळ्याला ॲपवर फाइव्ह स्टार आहेत."

"मग ॲपलाच गळ टाक."

तो हसला. मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर लगेच थांबला असता.

सहावं तळं ट्रॉयच्या उत्तरेला सव्वा तासावर होतं. कच्चा रस्ता, शेवटी चार गाड्या मावतील एवढी जागा, एका अंगाला लव्हाळं, दुसऱ्या अंगाला मेलेली उभी झाडं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सकाळचे दहा, लख्ख ऊन. वारा अजिबात नाही. आम्हा दोघांशिवाय माणूस नव्हता.

माझा बाप मासा कानानं शोधायचा. वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि वरचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं. गवतात मोठा मासा हलला की सळसळ ऐकू येते. यात जादू काही नाही, लाकडातून आवाज चढतो.

दत्ता होडीत समोर बसून गळाला तार बांधत होता. पाइक दोरी दातानं तोडतो, म्हणून तार लागते. मी वल्हं पाण्यात सोडून कान लावला. आधी काहीच नाही. मग घरघर. आणि मग दत्ताचा आवाज.

"आई, हात दे."

स्पष्ट. खालून. लहानपणीचा नव्हे, आत्ताचाच, पण दमलेला.

मी मान वर केली. तो माझ्यापासून दोन हातांवर होता, तारेचं टोक दातात धरलेलं. "काही म्हणालास?" विचारलं. त्यानं मानेनंच नाही म्हटलं. मी पुन्हा कान लावला. पुन्हा तेच... "आई, हात दे." तिसऱ्यांदा लावायची माझी छाती झाली नाही.

त्यानं दातातली तार काढली. "काय गं, आहे का मासा?"

"आहे," मी म्हणाले. "चांगलं तळं आहे."

दुपारपर्यंत त्यानं हातभर लांबीचा पाइक काढला. रूपालीनं तो रवा लावून तळला. काटे काढता काढता तिघंही हसलो. त्यानंतर तो रोज मला घेऊन तिथे जायला लागला. दाढी केली. दोन ठिकाणी अर्जही केले. रूपाली म्हणाली, "आई, तुमच्या तळ्यानं माणसात आणला त्याला." मी मनात म्हटलं, भास होता, म्हातारपणाचा.

तिसऱ्या आठवड्यात माझे गुडघे धरले. तो एकटा गेला. दुपारी वारा सुटला. संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांना लव्हाळ्याजवळ होडी उलटी सापडली आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर तो. लाइफ जॅकेट अंगात नव्हतं, गाडीतच राहिलं होतं. वर्दीतला माणूस रूपालीला इंग्रजीत सगळं सांगत होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग दत्ता कसा सापडला ते दाखवायला त्यानं स्वतःचा हात वर केला. तेवढं मला कळलं.

वारा होता, पाणी गार होतं, जॅकेट नव्हतं. मरणाची कारणं सगळी आहेत. त्यात मला गूढ वाटत नाही. पण तीन आठवडे आधी, तो माझ्यासमोर जिवंत बसलेला असताना, मी पाण्यातून काय ऐकलं? डॉक्टरांकडून कान तपासून घेतले, चांगले आहेत. भास म्हणावा, तर दोनदा कसा होईल? आणि दोन्ही वेळा तेच शब्द? इथे या ग्रुपवर कुणाला असा काही अनुभव आला असेल तर लिहा. धीर द्यायला लिहू नका, मला नको आहे.

रूपालीला मी हे सांगितलेलं नाही. ती इथे नेहमी वाचते, तेव्हा तिला असंच कळेल. काय म्हणायचं ते म्हणू दे.

तो आवाज कशाचा, ते मला अजून उमगलेलं नाही, आणि मरेपर्यंत उमगेल असं वाटत नाही. पण तो ऐकल्यावरही "चांगलं तळं आहे" असं मी का म्हणाले, ते मला पक्कं माहीत आहे. त्या सकाळी निघण्याआधी त्यानं आपणहून दुसरी भाकरी मागितली होती.