सवतीचा टाक

माझ्या आईच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात एक बाई असायची. नखाएवढा चांदीचा टाक, त्यावर उठवलेला बाईचा ठसा. ही माझ्या वडलांची पहिली बायको. आई दुसरेपणाची. दुसरेपणाच्या बाईनं मेलेल्या सवतीला असं गळ्यात बाळगायचं, नाहीतर ती छळते, ही आमच्याकडची रीत. नवं लुगडं आलं की आई ते आधी टाकाला टेकवायची, "ताई, तू नेस आधी," म्हणायची आणि मगच घडी मोडायची. लहानपणी मला त्या बाईची लई भीती वाटायची. आईच्या कुशीत शिरलं की ती गार चांदी गालाला लागायची, आणि वाटायचं, कुणीतरी टक लावून बघतंय.

मोठी झाले, शाळेत बाई म्हणून लागले, चार पुस्तकं वाचली आणि भीतीचा राग झाला. वडवणीच्या बचतगटातल्या बायकांना घेऊन मी नाटक बसवलं. आजी, आई आणि लेक, एकाच घरातल्या तीन पिढ्या. आईचं काम मीच घेतलं. शेवटी ती टाक तोडून फेकते आणि मोकळी होते, असं लिहिलं. लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झाले, खोटं कशाला बोलू!

आईकडे टाक मागितला. नाटकात त्याचं काय होणार, ते मात्र सांगितलं नाही.

"ताईला दाखवणार तू लोकांला?" आईचा चेहरा असा काही फुलला! तिनं टाक चिंचेनं घासला, कुंकू लावलं, स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात बांधला. "जपून ने गं. ती मेल्यापासून या घराबाहेर एकटी गेली न्हाई."

प्रयोगाच्या दिवशी मंगल कार्यालय बायकांनी गच्च भरलं होतं. शेवटच्या प्रवेशात मी दोरा हिसडला, टाक समोर भिरकावला. काय टाळ्या पडल्या! पोरींनी मोबाइल वर धरले. आणि त्या गर्दीत माझी आई खाली वाकून, गुडघ्यांवर रांगत, खुर्च्यांखाली हात घालत होती. "पाय उचला गं बायांनो, माझी ताई पडलीय." लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. टाळ्या आणखी वाढल्या.

टाक सापडला. कुणाची तरी टाच बसून ठशाचं तोंड चेपलं होतं.

दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. माझा हात सारखा गळ्याकडे जायचा. तिथं काही नव्हतं, तरी गार लागायचं. तिसऱ्या दिवशी माझंच डोकं फिरलं. "एवढं काय केलं गं मी? अख्खा जन्म त्या मेलीला भिऊन काढलास तू!"

"भिऊन?" आई पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. "पहिलटकरीण व्हती ती. दोन दिस अडली. तुझ्या आजीनं दवाखान्यात नेऊ दिलं न्हाई. म्हणली, बाया घरीच बाळंत होत्यात. माझ्या वक्ताला त्याच आजीनं कळ आल्याबरोबर जीप आणवली, बीडला नेलं. कावून? तिला ताई दिसत व्हती डोळ्याम्होरं. मरताना म्हातारी सोताच बोलली मला. ताई मेली म्हणून तू हायेस, बाई. आन् तू तिलाच फेकून टाळ्या घेतल्यास."

तीन पिढ्या म्हणून मिरवत होते, आणि जिच्या मरणावर माझा जन्म झाला ती माझ्या हिशेबातच नव्हती. लाज वाटली, नुसती लाज. मी खूप रडले.

आठ दिवसांनी गेवराईला पुढचा प्रयोग होता. मी वही उघडली आणि शेवटचा प्रवेश खोडला. आईला म्हटलं, "माय, नाटकात एक बाई वाढवते, तुझी ताई. ती स्वतः येईल, स्वतः बोलेल. तू फक्त सांग, ती कशी बोलायची? कशी हसायची?"

आईनं टाक तळहातावर घेतला आणि त्या चेपलेल्या तोंडावरून अंगठा फिरवत राहिली.

"मला काय म्हाईत गं," ती म्हणाली. "मी कवा पाह्यलंय तिला?"