दोन इंच माया

मास्तरांचा पहिला संशय गिऱ्हाइकावर असे. माप द्यायला उभा राहिला की माणूस पोट आत ओढतो, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. मग ते टेप कमरेभोवती सैल धरून उगाच विचारायचे, "मुलगी कितवीत आहे?" गिऱ्हाईक उत्तर द्यायला तोंड उघडायचं, पोट आपल्या जागेवर यायचं आणि मास्तर टेप आवळायचे. आकडा मोठ्याने सांगायचे. मागे बसलेल्या मास्तरीणबाई तो वहीत लिहायच्या.

दुसरा संशय बाकीच्या सगळ्या जगावर. दोऱ्याच्या रिळात दोरा कमी भरतात, धुतल्यावर कापड किती आटेल हे दुकानदाराला माहीत असूनही तो सांगत नाही, इस्त्रीवाला मुद्दाम शिवणीवरच पाणी मारतो. म्हणून ते प्रत्येक पँटच्या मागच्या शिवणीत माया सोडायचे. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस वाढला की शिवण उसवायची आणि तेवढी पँट सैल करायची. गिऱ्हाइकाला दीड इंच माया. स्वतःच्या पँटला दोन, कारण मास्तरांचा स्वतःवरही फारसा विश्वास नव्हता.

आणि तो नसावा हेच बरोबर होतं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं होतं. मास्तरांनी ते मनावर घेतलं. घरी येऊन जाहीर केलं, "आजपासून आपलं खाणं बंद." सकाळी नुसता चहा. दुपारी ताटावर बसायचे, दोन घास खायचे आणि हात धुवायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, "अहो, एवढ्याने काय होणार?" त्यावर हे छाती पुढे काढून म्हणायचे, "मनावर ताबा पाहिजे."

अडीच वाजता मास्तरीणबाई पाठ टेकायला वरच्या घरात जायच्या. शटर अर्धं खाली यायचं. मग मनावर ताबा असलेले मास्तर कटिंग टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडायचे. पाव, बिस्किटांचे पुडे, केक, शेंगदाणे. सगळं उभ्याउभ्याच. चव कळायची ती पहिल्या दोन घासांची. पुढे हात आपले आपण तोंडाकडे जायचे. थांबावंसं वाटायचं आणि थांबता यायचं नाही. ड्रॉवर रिकामा झाला की थांबायचे. मग पोटात दगड आणि मनात लाज घेऊन खुर्चीत बसून राहायचे. उद्यापासून नाही, असं रोज ठरायचं. त्या उद्याचा चहा आदल्या दिवसाहून कडक आणि जेवण एक घास कमी. अडीच वाजता पुन्हा ड्रॉवर.

ताकास तूर लागू नये म्हणून काळजी मात्र डोळ्यात तेल घालून घेतली. खरेदी तीन दुकानांत वाटून. कागद चिंध्यांच्या पोत्यात तळाशी. तरी एकदा बेकरीवाल्याने विचारलंच, "काय मास्तर, पाहुणे आलेत वाटतं?" तेव्हापासून त्यांनी ती बेकरी टाकली. हा माणूस घरी बोलणार, अशी त्यांची खात्री पटली. बेकरीवाला बिचारा रस्त्यात भेटला की हात करायचा आणि मास्तर त्या हातातही अर्थ शोधायचे.

मग एका सोमवारी पोतंच रिकामं दिसलं.

"पोतं कोणी रिकामं केलं?"

"मी," मास्तरीणबाई तुरपाई करता करता म्हणाल्या. "भरलं होतं."

"काय होतं त्यात?"

"चिंध्या. आणखी काय असणार?"

सुई थांबली नाही, मान वर झाली नाही. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. त्या दिवसापासून ते बायकोवर नजर ठेवू लागले. ती वर गेली की जिन्याखाली उभं राहून कानोसा घ्यायचे. जेवताना ती आपल्या ताटाकडे किती वेळा बघते ते मोजायचे. हिला कळलं तर? तीस वर्षं आपण दुसऱ्यांची पोटं पकडली, आता आपलं पितळ हिच्यासमोर उघडं पडलं तर दुकानात बसायचं कुठल्या तोंडाने? दुसरं काही कळलं असतं तरी चाललं असतं, हे नको होतं.

एकाच गोष्टीचा आधार होता, तो म्हणजे पँटचा. दोन वर्षं असं खाऊनही एकही पँट घट्ट झाली नव्हती. दवाखान्यातल्या वजनकाट्याने काहीही दाखवो, त्याची स्प्रिंग बिघडली असणार. पँट खोटं बोलत नाही, आणि तीही आपल्या हातची. शरीराने आपल्याला माफ केलं आहे, असं मास्तरांनी धरून टाकलं होतं. शिंप्यावाचून दुसऱ्या कोणाला ही चूक जमली नसती.

एका दुपारी ड्रॉवर संपवून ते खाली पडलेली बॉबिन उचलायला वाकले आणि मागे टर्र असा आवाज झाला.

शटर पूर्ण ओढून त्यांनी पँट उतरवली. घालायला दुसरं काही हाताशी नव्हतं. खुंटीवर बँकेतल्या साहेबांची पँट ट्रायलला तयार होती. या साहेबांना मास्तर पाठीमागे 'पिंप' म्हणायचे. पिंपाची पँट कमरेवरून खालीच घसरणार, म्हणून त्यांनी एका हाताने धरूनच ती चढवली. बटण लावलं. हात सोडला. पँट जागची हलली नाही. नेमकी बसली होती.

 त्यांनी फाटलेली पँट उलटी केली आणि चष्मा नाकावर ढकलला. मागच्या शिवणीच्या बाजूला सुईच्या भोकांच्या बारीक रेघा होत्या. एक, दोन, तीन, चार. शिवण चार वेळा उसवून चार वेळा बाहेर सरकवलेली. दोन इंच मायेतली शेवटी दोऱ्याएवढी उरली होती, तिथेच ती फाटली. मशीनची टीप नव्हती, हाताचा टाका होता, आणि तो उलट्या अंगाला झुकलेला होता. साऱ्या घरात डावरं माणूस एकच.

ते पिंपाच्याच पँटमध्ये जिना चढले.

"ही पँट कोणी उसवली?"

मास्तरीणबाई उठून बसल्या. पँटकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या अंगावरच्या पँटकडे. "मी."

"कधीपासून?"

"तुमच्या चष्म्याचा नंबर बदलला, त्याच्याही आधीपासून. तो ड्रॉवर कुरकुरतो हो. वर ऐकू येतं सगळं. आधी मला वाटलं उंदीर आहेत. औषधसुद्धा आणणार होते."

"म्हणजे दोन वर्षं तू मनात हसत होतीस!"

"हसू आलं असतं तर बरं झालं असतं." मास्तरीणबाई म्हणाल्या. "जेवायला बसून दोन घासांत उठता. दिवसभर उपाशी राहिल्यावर दुपारी तुटून पडणारच की माणूस. पण बोलले असते तर ते दोन घासही गेले असते. माझ्यासमोर पाणीसुद्धा प्यायला नसतात तुम्ही. मग म्हटलं, निदान पँट तरी काचू नये. आता मात्र माया संपली हो."

मास्तर चपापले.

"कापडातली म्हणते मी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांना हसूही येईना आणि रागही आवरेना. "माझं मापच खोटं केलंस तू. मला वाटत राहिलं की मी आहे तसाच आहे."

"हो. ते चुकलंच माझं," त्या म्हणाल्या.  मास्तर त्यांच्या शेजारी पलंगाच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "मला थांबता येत नाही गं." एवढं एक वाक्य बोलायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

पुढच्या आठवड्यात ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी उपास आधी बंद करायला लावला आणि अशा खाण्याबद्दल बोलणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. बाई फारच गोड बोलतात, काहीतरी काढून घ्यायला बघतात, असं मास्तरांचं पहिल्या दिवशीचं मत होतं. दुसऱ्या खेपेला ते स्वतःच पाऊण तास बोलले. एक वाजता कटिंग टेबलावर दोन ताटं मांडायची आणि पोटभर जेवायचं, असं ठरलं. पहिले काही दिवस मास्तर मास्तरीणबाईंच्या प्रत्येक वाढण्याकडे संशयाने बघायचे. ही मुद्दाम जास्त वाढते की मुद्दाम कमी?

अडीचची ओढ काही जेवणाने लगेच मेली नाही. त्यावर त्यांनी आपली युक्ती काढली. हात ड्रॉवरकडे गेला की आधी बटणाचं एक काज करायचं, हाताने, घट्ट टाक्यांचं. एका काजाला दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ हातांना दुसरीकडे जाता येत नाही. काज संपल्यावरही हवंच असेल तर खायचं, पण बसून, आणि शटर उघडं ठेवून. कधी एका काजात भागायचं, कधी चार लागायची. दोन-तीन दुपारी काजं अर्धवट टाकून ड्रॉवर रिकामा झाला. तशा दिवशी मास्तर आपण होऊन जिन्यातून हाक मारायचे, "अगं, आज झालं." मास्तरीणबाई खाली यायच्या, चहा टाकायच्या. गल्लीतल्या शर्टांना इतकी देखणी काजं त्याआधी कधी मिळाली नव्हती.

मग नवी पँट बेतायची वेळ आली. या खेपेला टेप मास्तरीणबाईंच्या हातात होती आणि वही मास्तरांच्या. टेप कमरेला लागली मात्र, मास्तरांनी पोट आत ओढलं. आपण काय करतोय ते त्यांना कळत होतं, तरी सोडवेना.

मास्तरीणबाईंनी टेप सैलच धरली. "मुलगी कितवीत आहे?" त्यांनी विचारलं.

मुलीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मास्तरांना खुदकन हसू फुटलं, पोट जागेवर आलं आणि टेप आवळली गेली. मास्तरीणबाईंनी आकडा सांगितला. मास्तरांनी तो वहीत लिहिला, खाडाखोड न करता.

"आणि माया?" त्यांनी वहीतून मान वर न काढता विचारलं.

"दोन इंच. नेहमीसारखीच," मास्तरीणबाई टेप गुंडाळत म्हणाल्या. "पण आता उसवायची वेळ आलीच तर तुम्ही उसवायची. मी शेजारी बसेन."