मागच्या खोलीची भिंत

बाळांनो, खालच्या मजल्यावरची तुमची खोली आता राहिली नाही. फोनवर सांगायचं टाळलं, कारण फोनवर मला गोष्टींचा क्रम लागत नाही.

जालन्यातली ही इमारत बांधली तेव्हा खालच्या मजल्याचा आराखडा मीच आलेखाच्या कागदावर काढला होता. मधे अरुंद पॅसेज, डॉक्टरांसाठी तीन केबिन, प्रत्येक दारापाशी दोन खुर्च्या, एक पेशंटला आणि एक सोबतीला. पॅसेजच्या टोकाला, तुम्ही सुट्टीत याल तेव्हासाठी, तुमची खोली. वर आम्ही. तुमच्या आजोबांनी विचारलं होतं, "एवढ्यात भागेल?" मी म्हणाले, "दवाखाना आहे, लग्नघर नाही."

भागलं नाही. आजोबा गेल्यानंतर दाताचे डॉक्टर जागा सोडून गेले, मग त्वचेचे. उरल्या मुलांच्या डॉक्टरीणबाई. त्याही एकदा वर येऊन म्हणाल्या, "काकू, मला जायचं नाहीये. पण लोक उन्हात उभे राहून कंटाळतात आणि समोरच्या दवाखान्यात जातात. दिवाळीनंतर मी दुसरी जागा बघते." माझं घर याच भाड्यावर चालतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या चहाच्या कपाकडे बघत बोलत होत्या.

मी मागच्या अंगणात पत्रे घालून खुर्च्या मांडल्या. तिथे कुणी बसेना. सगळे माझ्या जिन्यावर. एकदा गुडघे सांभाळत उतरताना वाटच अडली. कुंभार पिंपळगावचं कुटुंब होतं, म्हातारीच्या मांडीवर तापानं फणफणलेला नातू.

"मागे खुर्च्या आहेत," मी म्हणाले.

"तिथून दार दिसत न्हाई, बाई. नंबर गेला मंग?"

"पण एका बाळाबरोबर पाच माणसं कशाला?"

"माय लेकराला धरायला. बाप गोळ्या आणायला. हिच्या दिराची गाडी हाय. हिची नणंद इथलीच, तिला रस्ते बराबर ठावं."

"आणि तुम्ही?"

"मी सांगायला! डागदरीणबाईपुढं आमच्या सूनबाईची दातखीळ बसती." सून तोंडाला पदर लावून हसली. म्हातारीनं मला नीट न्याहाळलं. "तुमच्यात आजारी माणसाला एकटंच धाडत्यात व्हय?"

गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनला मी रिक्षानं एकटीच गेले होते. फॉर्मवर 'सोबत कोण' या रकान्यात रेघ मारली होती, फूटपट्टीनं.

रिकाम्या दोन केबिनमधूनही डॉक्टरीणबाईंचं दार दिसत नव्हतं. त्या दारासमोर येईल अशी एकच जागा होती, तुमची खोली. गवंडी म्हणाला, "काकू, पाडू ना? मंग पुन्हा म्हणायचं न्हाई." दोन दिवसांत पॅसेजकडची भिंत गेली आणि बाकं आली. तुमच्या गाद्या आणि खेळ वर आणून, नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवले आहेत.

डॉक्टरीणबाई राहिल्या. सकाळपासून खाली गलका असतो, दुपारची झोप उरली नाही. जिना मोकळा झाला, पण आता उतरण्याचाच कंटाळा येतो.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्याआधी करायचं आहे. तारीख अजून घेतलेली नाही. तुमच्यापैकी कुणाला कधी सुट्टी मिळते ते कळवा, मग घेते.