बहिणीने निवडलेला राउटर

माझी धाकटी बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे. प्रभादेवीच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, आतल्या खोलीत बसून ती लॅपटॉपवर खुणांची भाषा शिकवते. शिकणारे सगळे ऐकू येणारे. ज्यांच्या मुलांना ऐकू येत नाही, असे आईबाप. कोणी चिपळूणकडचे, कोणी नांदेडचे. हे वर्ग तिने स्वतःच्या हिमतीवर उभे केले. जरा बस्तान बसतंय, तोच आमचं वायफाय दगा द्यायला लागलं.

बाहेरच्या खोलीत सगळं ठीक होतं. आईच्या मालिका, माझं ऑफिसचं काम, कशाला अडचण नव्हती. आतल्या खोलीत मात्र चित्र मध्येच थांबायचं. तिला तीच खोली हवी होती, कारण खिडकीचा उजेड समोरून येतो आणि मागे मोकळी भिंत आहे, हात स्वच्छ दिसतात. आई म्हणाली, अगं थोडं अडकतं, पुन्हा सुरू होतं, त्यात काय एवढं. बहिणीने तिचे ओठ वाचले, लॅपटॉप मिटला आणि आईसमोर बसून हातांनी सावकाश सांगितलं, "तुमचा आवाज तुटला तर समोरचा अंदाजाने समजून घेतो. माझा हात हवेत अडकला की माझं वाक्यच जातं."

मग आईनेच मला दादरला जाऊन नवीन राउटर बघायला सांगितलं.

पण बहिणीला घाई नव्हती. तिने आधी वायर जोडून लॅपटॉप थेट राउटरला लावला. चित्र एकदम सुरळीत. म्हणजे बाहेरून येणारी लाइन चांगली होती. मग एका मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून ती एका हातात लॅपटॉप धरून, दुसऱ्या हाताने बोलत घरभर फिरली. देवघराची भिंत ओलांडली की मैत्रीण हात हलवून थांबवायची, आता नाही दिसत. आमच्या त्या भिंतीत हातभर खोल कोनाडा आहे, तरी पलीकडे काही कळत नाही, इतकी ती जाड. दोष सापडला.

दादरच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने कोळ्यासारखा दिसणारा, भरपूर अँटेनांचा एक राउटर पुढे केला. हा भिंती फोडून जाईल म्हणाला. बहिणीने फोनवर टाइप करून त्याला विचारलं, घरातून बाहेर जाणारं चित्र कसं राहील, आणि नाही चाललं तर बदलून द्याल का? त्याने वाचलं आणि उत्तर मला द्यायला लागला. मी म्हटलं, "प्रश्न तिचा आहे, तिला सांगा." तो जरा गोंधळला. मग त्याने तिचाच फोन मागून घेतला आणि त्यावर लिहिलं, खोकं नीट ठेवा, बदलून देतो.

तो कोळी घरी आला, भिंतीपुढे हरला आणि दुसऱ्याच दिवशी खोक्यात परत गेला. मला वाटलं, दुकानदार कुरकुर करेल. पण बहिणीने कागदावर आमच्या घराचा नकाशा काढून नेला होता, चित्र कुठे अडकतं तिथे फुल्या मारून. तो नकाशा त्याने बराच वेळ पाहिला. मग दोघांचं फोनवर लिहून लिहून बोलणं सुरू झालं आणि मी बाजूच्या स्टुलावर बसून राहिलो. शेवटी तिने दोन छोट्या डब्यांचा सेट घेतला. एक डबा बाहेरच्या खोलीत लाइनपाशी, दुसरा पॅसेजमध्ये, जिथून तिची खोली सरळ दिसते. पहिला दुसऱ्याला नेट देतो, दुसरा लॅपटॉपला. दिसायला अगदी साधे, आईला तर ते मिठाचे डबे वाटले.

पुढच्या वर्गाला मी दारात उभा होतो. चिपळूणकडची एक आई बोलत होती. तिचे हात अजून अडखळतात, पण चित्र कुठेच अडखळत नव्हतं. खुणांची भाषा मला बऱ्यापैकी कळते. ती सांगत होती की सकाळी दूध सांडलं म्हणून ती मुलाला खुणांनी रागावली, आणि त्याने पहिल्यांदाच तिला उलट उत्तर दिलं: "तू ग्लास काठावर ठेवलास." सांगताना ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. पडद्यावरच्या बाकीच्या चौकटींमधले आईबाप दोन्ही हात वर करून हलवायला लागले. टाळ्या अशाच वाजवायच्या, हे बहिणीनेच त्यांना शिकवलेलं.

बहीण त्यांना थांबवून पुढे सरकली. "काठावर" ही खूण त्या बाईंची चुकली होती. तिने ती संथपणे करून दाखवली, मग पुन्हा एकदा. पडद्यावर सगळ्यांचे हात तिच्यामागोमाग हलले. आई कधी माझ्या मागे येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. तिचेही हात हलत होते.