आधी महिना, मंग सन

जालन्याच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली काकासाहेब अर्जनवीस बसायचे. सतरंजी, उतरतं लाकडी डेस्क, दोन दौती आणि समोर माणसांची रांग. निजामाचं राज्य जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली होती, तरी लोकांच्या पेट्यांतून अजून उर्दूतले कागद निघायचे, आणि त्यांवर सन असायचा फसली. तेराशे पंचावन्न म्हणजे इंग्रजी कितवं साल, हे छातीठोक सांगणारा आता त्यांच्याशिवाय कोणी उरला नव्हता.

आष्टीच्या चांगुणाबाई एकदा कागद घेऊन आल्या.

"जय भीम, काकासाहेब. फसलीत पाचशे एक्क्याण्णव मिळवायचे, बराबर ना? आमचा वसंता म्हन्ला."

"वसंता मास्तर झाला बाई, अर्जनवीस न्हाई झाला. आधी महिना, मंग सन. आजूर, दै, बहमन. ह्ये तीन महिने इंग्रजी साल पालटायच्या आत येतात. तवा मिळवायचे पाचशे नव्वद. म्होरल्या महिन्यांना एक्क्याण्णव. एका आकड्यानं घर जातं."

"जातं? कुठं जातं?"

"शेजाऱ्याकडं!"

रांग हसली. चांगुणाबाईही हसल्या.

काकासाहेबांचं स्वतःचं घर म्हणजे बाजारगल्लीत कापडदुकानावरच्या माडीतल्या दोन खोल्या. जागा मालकाची. काकासाहेबांच्या वडिलांनी ती तीस वर्षांच्या पट्ट्यावर घेतलेली. मुदतीच्या आत अर्ज दिला तर आणखी तीस वर्षं. मुदत टळली तर जागा मालकाची मालकाला. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या दुसऱ्या वर्षी काकासाहेबांचं लग्न झालं. नवी नवरी माडीवर आली त्या आठवड्यात त्यांनी पटाशी घेतली आणि दाराच्या चौकटीवर, हात पुरेल अशा उंचीवर, मुदतीचं साल कोरलं. १९७६.

"तवर आपलं," ते म्हणाले होते.

"आन् मंग?" पुष्पाबाईंनी विचारलं होतं.

"मंग एक अर्ज. तुझा नवरा अर्जच लिहिनार हाय जल्मभर."

पुढं पुष्पाबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला आणि सत्तर साली दोन्ही डोळे गेले. पण माडीवर येणाऱ्याला ते कळायचं नाही. जिन्याच्या सतरा पायऱ्या, दारापासून चुलीपर्यंत नऊ पावलं, चुलीपासून माठापर्यंत तीन. चहा कपाच्या काठाशी आणून थांबवायच्या. पाहुण्यालाच म्हणायच्या, "मागं फळी हाय, डोकं संभाळा." येता-जाता चौकटीवरच्या आकड्यांवरून बोटं फिरवायच्या. कोणी कौतुक केलं की म्हणायच्या, "मला ह्या घरात दिसतं. खाली उतरले की आंधळी."

शहात्तरच्या फेब्रुवारीत काकासाहेबांनी घडी न मोडताच पेटीतून पट्टा काढला. साल सरायला अजून दहा महिने होते. सुरेख अक्षरात अर्ज लिहिला, धुतलेली टोपी घातली आणि मालकाच्या पेढीवर गेले. म्हातारे मालक वारले होते. गादीवर मुलगा अण्णासाहेब होता. शेजारी मुनीम बद्रीनाथ.

"या काकासाहेब! आज आमच्या दारी? आमी तर तुमच्या लिंबाखाली येतो."

"पट्टा वाढवायचा हाय, मुनीमजी."

बद्रीनाथनं चष्मा लावला. कागद वाचला. परत वाचला. मग हलकेच तो काकासाहेबांपुढं सरकवला.

"महिना वाचा, काकासाहेब."

"आं?"

"तुमीच शिकवलंय आमाला. आधी महिना."

काकासाहेबांनी वाचलं. दै, तेराशे पंचावन्न फसली. ओठ हलले. पाचशे नव्वद. एकोणीसशे पंचेचाळीसचा नोव्हेंबर. अधिक तीस. मुदत गेल्या नोव्हेंबरातच सरली होती.

पंचवीस-सव्वीस वर्षांचे असताना, महिन्याची ही मेख कळायच्या आधी, त्यांनी सरसकट एक्क्याण्णव मिळवले होते आणि आकडा लाकडात कोरून टाकला होता. पुढं हजारो कागद तपासले. आपला कागद उघडायची गरजच वाटली नाही. साल तर रोज दारावर दिसत होतं.

"अण्णासाहेब," ते म्हणाले, "तीन महिन्यांचाच फरक हाय. घरात बाई आंधळी हाय."

अण्णासाहेबांनी नजर टाळली. "वडलांच्या वेळी धर्मराज शिंप्याला जागेतून काढलं, तवा नोटीस कोणी लिवल्ती, काकासाहेब? 'मुदत म्हणजे मुदत.' अजून फाइलला हाय. मला माडीवर माल ठिवायचाय. पाडव्यापर्यंत ऱ्हावा."

अक्षर काकासाहेबांचंच होतं. ते कागद घेऊन उठले.

घरी पुष्पाबाईंनी पावलांवरून ओळखलं.

"पंधराव्या पायरीवर का थांबले? दिला अर्ज?"

"दिला."

"मंग?"

"मालक बदमाश निघाला. न्हाई म्हन्ला."

"असं कसं न्हाई म्हनंल? अजून साल भरलं न्हाई!" त्या तरातरा दाराशी गेल्या आणि बोट आकड्यांवर ठेवलं. "ह्ये बघा की. एक, नऊ, सात, सहा. तुमी दाखवलं न्हाई का त्याला?"

काकासाहेबांनी टोपी काढून खुंटीला लावली. बोट सहावरच थांबलं होतं.

"अवो, बोला की."

"ते साल चुकलंय, पुष्पा. मीच चुकवलंय."

 पुष्पाबाईंनी हात काढून पदराला पुसला. "चहा ठिवते," म्हणाल्या. नऊ पावलं चालून गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा चहा कपाबाहेर सांडला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सामान हलवलं. लिंबाखालची जागा काकासाहेबांनी त्याआधीच सोडली होती. चांगुणाबाई कागद घेऊन घरी आल्या, तर म्हणाले, "दुसऱ्याला दाखवा बाई. माझा हिशेब चुकतो."

नवी खोली नदीपलीकडं होती, बैठी, एकच दार. काकासाहेबांनी बायकोचा हात धरून तिला उंबऱ्यात उभं केलं.

"हितून चूल सहा पावलं. चल, मी मोजून देतो. एक..."

पुष्पाबाईंनी पाऊल उचललं आणि थांबल्या. चौकटीवर हात फिरवला. लाकूड सपाट होतं.

"किती सालाची घेतली?"

"अकरा महिन्यांची."

"अकरा महिने?"

"आता तशाच देतात, पुष्पा."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि उंबऱ्यातच खाली बसल्या.

"मंग पावलं कशाला मोजू, अवो?"