आधी काच आपण पाहायची

सुमाच्या नवऱ्याचा, शरदरावांचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. "ताई, सुमा गेली," एवढंच म्हणाले. प्रयोगशाळेच्या कपाटात सुमाचा मायक्रोस्कोप होता. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

सुमा माझी धाकटी बहीण. डोंबिवलीत तिची छोटी पॅथॉलॉजी लॅब होती, मी ठाण्याला खोपटच्या शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी ती माझ्या नववीच्या मुलांना रक्ततपासणी दाखवायला यायची, शीळफाट्यावरून बसने, मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन. डॉक्टर आणि नर्स सगळ्यांना ठाऊक असतात, रिपोर्ट कोण बनवतं ते कुणालाच माहीत नाही, ही तिची कायमची तक्रार. मुलांना ती कधी टोचायची नाही. सुई स्वतःच्याच बोटाला. मला लहानपणापासून रक्ताची भीती, त्यामुळे मी आपली दारात. "तुमच्या बाई विज्ञान शिकवतात आणि थेंबाला घाबरतात," असं म्हणून ती वर्ग हसवायची. थेंब काचेवर पसरून ती काच रंगवली की आधी स्वतः पाहायची. आपण न पाहिलेली काच मुलांना दाखवायची नाही, हा तिचा नियम.

गेल्या वर्षी ती डोळा लावून बसली ती उठेचना... मुलं चुळबुळ करायला लागली. मग बाजूला होऊन म्हणाली, "या एकेक." पहिली तन्वी. सुमाने फळ्यावर काढलेलं चित्र तिने नीट पाहून ठेवलं होतं. "मॅडम, चित्रात पांढऱ्या पेशी दोन-तीनच आहेत. इथे तर नुसत्या त्याच दिसतायत."

"बरोबर पाहिलंस," सुमा म्हणाली. "असं दिसलं की घाबरायचं नाही, लगेच पुन्हा तपासायचं." मग बारावीनंतर कुठला कोर्स, नोकरी कुठे, सगळं दरवर्षीसारखं सांगितलं. तास संपल्यावर मायक्रोस्कोप मात्र तिने शाळेच्या कपाटातच ठेवला. जिन्यात म्हणाली, "ताई, त्या पोरीला यात घाल गं. नजर आहे तिला." सुमाला रक्ताचा कर्करोग निघाला. ती काच तिने मुलांना का दाखवली, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

प्रार्थनेच्या वेळी शाळेत बातमी सांगितली, तेव्हापासून तन्वी प्रयोगशाळेत पाऊल टाकेना. मी उभी राहायचे त्याच दारात उभी. "बाई, मी तेव्हा बोलले नसते तर..." मी खूप समजावलं. पण समजावून भीती जाते थोडीच?

परवा मी कपाट उघडलं आणि सुई काढली. एकाच आईच्या लेकी आम्ही, काय दिसेल कोण जाणे. स्वतःच्या बोटाला टोचलं. थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि वाळेपर्यंत थांबले. मग डोळा लावला. गुलाबी दिसणाऱ्या तांबड्या पेशीच पेशी, पांढरी शोधावी लागली. हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी रडू आलं. सुमाच्या वाट्याला हे हायसं वाटणं आलं नव्हतं.

"तन्वी, ये," मी दाराकडे पाहून म्हटलं. "मी आधी पाहिलंय."

ती आली. डोळा लावला आणि बराच वेळ उठलीच नाही... माझ्यापेक्षा तिची नजर पक्की. मी तिच्या पाठीमागे जीव मुठीत धरून उभी राहिले.